धावता धावता वाट सुटली, तेव्हा दोघांनी काय करायला हवं होतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेलापूरचे दोन मित्र जानेवारीतल्या एका रविवारी पहाटे खारघरच्या डोंगरावर धावायला गेले. पुढे धावणारा मित्र डोंगराचा माहीतगार, प्रश्न विचारणारे तुम्ही त्याच्या मागे. पठारावर गवतात पायवाट हरवली. खाली खारघरच्या इमारती स्वच्छ दिसत होत्या, म्हणून तुम्ही दोघं एका कोरड्या घळीतून उतरायला लागलात आणि कड्याच्या तोंडाशी येऊन थांबलात. वर चढून, वाट शोधून घरी पोहोचेपर्यंत दुपार झाली. चूक नेमकी कुठे झाली, अशा वेळी काय करायचं, आणि ‘माझ्यामुळे झालं’ म्हणत डोंगराचं नावही न काढणाऱ्या मित्राला काय सांगायचं, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

आधी एक गोष्ट सांगतो, कारण तुमच्या प्रश्नात ती ओझरती आली आहे आणि तुम्हाला तिची किंमत कळलेली दिसत नाही. कड्याच्या तोंडाशी आल्यावर तुम्ही मागे फिरलात आणि पुन्हा वर चढलात. दमलेलं शरीर, संपत आलेलं पाणी, समोर दिसणाऱ्या इमारती, हे सगळं असताना पाठ फिरवून वर चढायला मोठा संयम लागतो. याच डोंगरावर दरवर्षी माणसं अडकतात ती बहुतेक त्या क्षणी ‘अजून थोडंच तर आहे’ म्हणून खाली उतरलेली असतात. तुम्ही उतरला नाहीत.

आता घळीबद्दल. आपला बहुतेक सह्याद्री आणि त्याचे हे किनाऱ्याकडचे फाटे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचे बनले आहेत. एक थर कठीण काळ्या कातळाचा, त्याखालचा मऊ, भुसभुशीत. मऊ थर पावसाने झिजतो आणि वरचा कठीण थर कड्यासारखा उभा राहतो. त्यामुळे आपला डोंगर सलग उतरत नाही, जिन्यासारखा उतरतो, आणि त्या जिन्याच्या पायऱ्या एकसारख्या नसतात. पहिली दोन फुटांची, दुसरी सहा फुटांची, तिसरी पन्नास फुटांची. पावसाचं पाणी सगळ्यात जवळच्या वाटेने खाली जातं आणि प्रत्येक पायरीवरून उडी मारतं. जानेवारीत पाणी नसतं, दिसते ती मोकळी, गवत नसलेली, गुळगुळीत दगडांची वाट. गवतात अर्धा तास धडपडलेल्या माणसाला ती मोकळी वाट हवीहवीशी वाटणारच. पण कोरडी घळ म्हणजे धबधब्याचीच वाट. तुमच्या डोंगरावरचा पांडवकडा बघा. पावसाळ्यात शंभर मीटरच्या आसपास उंचीवरून कोसळणारा तो धबधबा, त्याच्या माथ्यावरचा ओढा हिवाळ्यात असाच साधासुधा, सरळ दिसतो.

यातली खरी फसवणूक दुसऱ्या पायरीवर होते. सहा फुटांचा कातळ बसून, घसरून, हात टेकवून उतरता येतो. तोच कातळ वर चढायचा म्हटला तर पकड सापडत नाही, त्यात घसाऱ्याने, म्हणजे सुट्या माती-खडीने, पाय निसटतो. मग खाली पन्नास फूट आणि वर सहा फूट, आणि दोन्हीकडे जाता येत नाही. म्हणून माझ्याबरोबर धावणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट पाठ करायला लावतो: ज्या उतारावरून परत चढता येईल याची खात्री नाही, तो उतरायचा नाही. खाली गाव दिसतंय की नाही याचा त्याच्याशी काही संबंध नाही. गाव दिसणं म्हणजे मधे झाडं नाहीत, एवढंच. मधे कडा नाही असं त्यातून ठरत नाही. उलट इतकं स्वच्छ दिसतंय याचाच अर्थ पुष्कळदा पायाखाली कडा आहे असा असतो.

पण तुमची चूक घळीत झालेली नाही. ती त्याच्या बरीच आधी पठारावर झाली, आणि माझ्या मते या सगळ्यातली शिकण्यासारखी गोष्ट तीच आहे. तुम्ही लिहिलंय, ‘मला मधेच वाटलं होतं की आपण जरा जास्तच डावीकडे आलोय, पण तो पुढे होता, त्याला रस्ता माहीत आहे, म्हणून बोललो नाही.’ माझी जवळजवळ खात्री आहे की त्याच सुमारास त्यालाही शंका आली असणार. आणि तो मनात म्हणाला असणार, ‘हा मागून काही बोलत नाही, म्हणजे बरोबरच असेल.’

एकटा धावणारा माणूस स्वतःच्या शंकेला जास्त मान देतो, कारण त्याला दुसरा आधार नसतो. दोघं असले की प्रत्येकाची शंका दुसऱ्याच्या पाठीवर टेकून झोपी जाते. त्यात मैत्री असेल तर आणखी भर. मित्राला चुकीचं ठरवायला नको वाटतं, त्याचा वेग मोडायला नको वाटतो, रविवारची छान चाललेली सकाळ थांबवायला नको वाटते. मी डोंगरात वाट चुकलेल्या जितक्या जोड्यांशी बोललो, त्यातल्या बहुतेकांनी नंतर सांगितलं की दोघांनाही कळलं होतं, फक्त कोणी बोललं नाही.

त्यामुळे दोघांनी धावायला निघण्याआधी, बूट बांधतानाच, एक करार करावा. दोघांपैकी कोणालाही शंका आली की तो मोठ्याने ‘थांब’ म्हणेल आणि दोघंही थांबतील. कारण द्यावं लागणार नाही, वाद होणार नाही, शंका खोटी निघाली तर कोणी चेष्टा करणार नाही. थांबायचं म्हणजे पाय खरोखर थांबवायचे. धावता धावता विचार करणं हाच घोळ आहे. साधा हिशोब करा. पठारावर किलोमीटरला आठ मिनिटांच्या वेगाने धावत असाल, तर शंका गिळून आणखी दहा मिनिटं धावलात की सव्वा किलोमीटर पुढे गेलात. चालणारा ट्रेकर तेवढ्या वेळात याहून बराच कमी जातो. धावणाऱ्याची चूक मोठी होते ती वेगामुळे. आणि वाट चुकल्याची जाणीव झाली की शरीर आपोआप वेग वाढवतं, हे तर आणखी वाईट.

दुसरी गोष्ट जागांची. पुढे धावणाऱ्याचं लक्ष पायाखालच्या दोन-तीन मीटरवर असतं. मुरूम, सुटे दगड, गवतात लपलेली मुळं. त्याला वाटेचे फाटे नीट दिसत नाहीत, त्याचा दोष नाही. म्हणून वाट सांभाळण्याचं काम मागच्याकडे द्यायचं. फाटा आला की मागच्याने मोठ्याने सांगायचं: ‘डावीकडे एक गेली, आपण उजवी घेतोय.’ आणि प्रत्येक फाट्यावर दोघांनीही एकदा वळून मागे बघायचं, कारण परतताना ती जागा आपल्याला उलट्या बाजूने दिसणार आहे. जाताना जो फाटा नजरेत भरला नाही, तोच परतताना फसवतो. गप्पा मारत धावण्याला माझा विरोध नाही, मीही मारतो. फक्त फाटा दिसला की बोलणं तोडायचं.

हिवाळ्यातल्या डोंगराबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आपल्याकडे समज आहे की धोका पावसाळ्यात, हिवाळा म्हणजे आरामाचा. पाऊस संपतो तेव्हा पठारावरचं गवत छातीपर्यंत वाढलेलं असतं. नोव्हेंबरपासून ते पिवळं पडून आडवं होतं आणि खऱ्या पायवाटा झाकते. त्याच वेळी गुरं चरायला वर जातात. दहा-वीस गुरं रोज फिरली की गवतात सुंदर, रुंद, धावण्याजोग्या वाटा तयार होतात. ढोरवाट ओळखायची खूण अशी: ती एकदम दोन-तीन वाटांत फुटते, त्या पुन्हा एकत्र येतात, आणि शेवटी पाण्याच्या जागी किंवा झाडाच्या सावलीत विरून जाते. माणसांची वाट कुठेतरी पोहोचायची असते, म्हणून ती खिंड, धार, वाडी असं काहीतरी धरून चालते. तिच्यावरचा दगड घासून गुळगुळीत झालेला असतो. डोक्याच्या उंचीवर फांद्या आडव्या येत असतील, घाणेरीच्या काट्यांतून वाकून जावं लागत असेल, तर ती वाट गुरांची किंवा रानडुकरांची समजा.

वनखात्याच्या जाळरेषाही फसवतात. वणवा पसरू नये म्हणून गवत काढून किंवा जाळून केलेले हे पट्टे चांगले रुंद असतात आणि उताराची पर्वा न करता सरळ जातात. धावणाऱ्याला वाटतं, केवढा मोठा रस्ता! तो कुठेच जात नाही. तसंच जुन्या शर्यतींच्या प्लॅस्टिकच्या फिती आणि दगडांवरचे रंगाचे बाण. गेल्या वर्षीच्या शर्यतीचा मार्ग तुमच्या मार्गाला छेदून गेलेला असू शकतो. खूण कोणी आणि कशासाठी केली हे माहीत नसेल तर ती खूण धरू नये.

जानेवारीच्या मध्यावर आपल्याकडे सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. तुम्ही साडेपाचला वर चढायला लागलात, म्हणजे पहिला दीड तास विजेरीच्या उजेडात गेला. विजेरीत पायाखालचं दिसतं, डोंगराचा आकार दिसत नाही. उजाडल्यावर तुम्ही पठारावर होतात, पण तिथवर कसे आलात याचं चित्र डोक्यात नव्हतं. अनोळखी वाट पहिल्यांदा उजेडातच करावी. अंधारात धावायचं तर ती वाट आधी उजेडात झालेली असावी. सूर्याबद्दल आणखी एक: डिसेंबर-जानेवारीत तो आपल्याकडे बरोबर पूर्वेला उगवत नाही, वीस-पंचवीस अंश दक्षिणेला सरकलेला असतो. ‘सूर्य म्हणजे पूर्व’ असं धरून सरळ निघालात तर दोन किलोमीटरवर पाऊण किलोमीटरचा फरक पडतो. पठारावरून दिशा धरायची तर आकाराने मोठ्या गोष्टी धरा: पूर्वेला खारघर आणि त्यापलीकडे प्रबळगड-माथेरानची रांग, पश्चिमेला तुर्भे-नेरूळकडचा औद्योगिक पट्टा आणि त्यामागे ठाण्याची खाडी. मात्र हिवाळ्यात सकाळी धुरकं असतं, आणि नेमकं तेव्हाच हे काही दिसत नाही.

तुम्ही लिहिलंय की गवतात तुम्ही एकाच झुडपापाशी दोनदा आलात आणि घाबरलात. जुनी माणसं याला चकवा लागला म्हणतात. माणूस खरोखरच गोल फिरतो, यात तुमचं काही बिनसलेलं नाही. जर्मनीत ट्युबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतले यान सौमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माणसांना जर्मनीतल्या जंगलात आणि ट्युनिशियाच्या वाळवंटात सरळ चालायला सांगितलं होतं. सूर्य दिसत होता तोवर ती बऱ्यापैकी सरळ गेली. ढगाळ दिवशी जंगलात मात्र ती गोल फिरून स्वतःचीच वाट ओलांडत राहिली, आणि त्यांना ते कळलंही नाही. म्हणून ‘सरळ चालत राहू, कुठेतरी निघेल’ हा उपाय धुरक्यात आणि उंच गवतात चालत नाही.

मग काय करायचं? थांबायचं, बसायचं, पाणी प्यायचं, काहीतरी गोड खायचं. हे मी सोपस्कार म्हणून सांगत नाही. दोन तास धावल्यावर रक्तातली साखर उतरलेली असू शकते, आणि थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणीही कमी प्यायलेलं असतं. त्या अवस्थेत घेतलेला निर्णय घाईचा असतो. चिक्कीचा एक तुकडा आणि पाच मिनिटं, मग बोलायचं. विचारायचा प्रश्न एकच: आपण नक्की कुठे होतो हे दोघांनाही शेवटचं कधी माहीत होतं? ‘दोघांनाही’ हा शब्द महत्त्वाचा. ती जागा ठरली की आलेल्या पावलांनी तिथे परत जायचं, मग कितीही लांब असो. तुमच्या बाबतीत ती जागा वाडीच्या जवळचं विहिरीपाशचं वळण होतं, असं तुमच्याच लिहिण्यावरून दिसतं. तिथून गवताचा पट्टा सुरू झाला. तिथे परतायला वीस मिनिटं लागली असती.

परतीची वाटही सापडत नसेल तर वर जायचं, उंचवट्याकडे. वरून डोंगराचा आकार दिसतो, मोबाइलला रेंज मिळण्याची शक्यता जास्त, आणि शोधायला येणाऱ्यांनाही तुम्ही दिसता. वाट शोधायला दोघांनी वेगवेगळ्या दिशांना कधीही जाऊ नये. एका हरवलेल्या जोडीची दोन हरवलेली माणसं होतात. गळ्यात शिट्टी हवीच. संकटाची खूण म्हणजे एका मिनिटात सहा शिट्ट्या, मग मिनिटभर शांत, पुन्हा सहा. उत्तर म्हणून मिनिटाला तीन येतात.

खारघरच्या डोंगरावर फणसवाडी, चाफेवाडी या आदिवासी वाड्या आहेत. वाडी दिसली तर संकोच न करता जा. लाकडं आणायला निघालेली एखादी मावशी भेटली तर ‘ही वाट बेलापूरला जाते का?’ असं विचारू नका, समोरचा माणूस भिडेखातर ‘हो’ म्हणतो. ‘मावशी, ही वाट कुठं जाते?’ असं विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका. आणि ‘खाली उतरायला तुम्ही कुठून जाता?’ हेही विचारा. त्यांची वाट लांबची असली तरी तीच धरा.

घड्याळातल्या नकाशावर तुमचा फार भरवसा होता असं दिसतं. इंटरनेटवरून घेतलेली वाट म्हणजे कोणीतरी एकदा धावलेली वाट. तो माणूस जिथे चुकला, ती चूकही त्या रेघेत आहे. कड्याखाली आणि घळीत उपग्रहांचे सिग्नल कातळावर आपटून येतात, त्यामुळे ठिपका दहा-वीस मीटर सरकलेला असू शकतो, आणि कड्याच्या कडेला दहा मीटर पुष्कळ होतात. तरी घड्याळ कामाचं आहे, ते मुख्यतः आल्या वाटेने परत नेण्यासाठी. ती सोय घरी अंगणात एकदा वापरून बघा, डोंगरावर पहिल्यांदा नको. फोन फ्लाइट मोडवर ठेवा. जीपीएस चालू राहतं आणि रेंज शोधण्यात बॅटरी जात नाही. मदत मागायची वेळ आली तर ११२ लावा, आणि अक्षांश-रेखांशाचे आकडे साध्या एसएमएसने घरच्यांना पाठवा. फोन लागत नाही तिथूनही एसएमएस कधी कधी निघून जातो, नकाशाची लिंक मात्र इंटरनेटशिवाय उघडत नाही. राज्यातल्या गिर्यारोहकांचं बचाव समन्वय केंद्रही आहे, ‘महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर’, त्याचा नंबर फोनमध्ये आधीच साठवून ठेवा.

दोघांपैकी एकाचा पाय मुरगळला, रेंज नाही, तर? जखमीला सावलीत, कड्यापासून दूर, बसवा. पाणी, खाणं आणि जाड कपडे सगळे त्याच्याकडे ठेवा, कारण घामाने भिजलेलं अंग हिवाळ्यात बसल्या बसल्या गार पडतं. जागेचे आकडे लिहून घ्या, झाडाला रंगीत कापड बांधा, मगच दुसऱ्याने ओळखीच्या वाटेने रेंजपर्यंत जायचं. वाट ओळखीची नसेल तर दोघांनी एकत्र थांबून शिट्टी वाजवणं बरं.

घरी सांगून जायची वेळ धावण्याच्या वेगाने काढू नका, चालण्याच्या वेगाने काढा. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला हिशोब अजून चालतो: पाच किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला एक तास जादा. बारा किलोमीटर आणि ४०० मीटर चढ म्हणजे तीन तासांवर थोडं. वर एक तास धरा. तोवर फोन आला नाही तर काय करायचं हे घरच्यांना माहीत असावं.

ठाण्याच्या वाचकांसाठी: हेच येऊरला लागू आहे, पण तिथे एक फरक आहे. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग, तिथे बिबटे आहेत आणि त्यांचा वावर संध्याकाळपासून पहाटेपर्यंत जास्त असतो. अंधारात तिथल्या पायवाटांवर धावू नये, वनखात्याच्या वेळा पाळाव्यात. बिबट्या दिसलाच तर पळायचं नाही, वाकायचं नाही, दोघांनी जवळ उभं राहून मोठ्याने बोलत सावकाश मागे सरायचं. धावणाऱ्याला ‘पळू नकोस’ हे आधीपासून मनात बसवून ठेवावं लागतं.

आता मित्राबद्दल. त्याला सांगा की पुढे धावणारा एकटा वाट चुकवत नाही, आणि त्याच्या मागे गप्प राहून तुम्हीही तितकेच चुकलात. हे फोनवर सांगू नका, समोर बसून सांगा. ‘जाऊ दे रे, काही झालं नाही’ असं म्हणून विषय मिटवू नका, कारण काहीतरी झालं होतं आणि ते त्यालाही माहीत आहे. त्या दिवशी कुठे कुठे शंका आली ते दोघांनी कागदावर वेगवेगळं लिहा आणि मग ताडून बघा. बहुतेक जागा त्याच निघतील. त्या कागदानंतर तो स्वतःला एकट्याला दोष देणार नाही.

मग त्याच डोंगरावर दोघांनी जा, धावायला नाही, चालायला. उजाडल्यावर निघा, विहिरीपाशच्या वळणापर्यंत जा, वाट कुठे सुटली ती जागा शोधा आणि तिथून योग्य वाटेने खाली उतरा. मागे तो राहू दे, वाट सांभाळायचं काम त्याच्याकडे. घळीकडे जाऊ नका, तिथे सिद्ध करण्यासारखं काही नाही. हे फेब्रुवारी संपायच्या आत करा. त्यानंतर वणवे लागतात, जळलेल्या माळावर नव्या-जुन्या सगळ्या रेघा उघड्या पडतात आणि खरी वाट ओळखणं आणखी अवघड होतं. शिवाय मार्चपासून सकाळी नऊनंतर त्या उघड्या पठारावर ऊन सोसवत नाही. दोघांचं मिळून तीन लिटर पाणी न्या.